घरचा रंगीत प्रिंटर: मार्च ते जुलै २०२४च्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

आज जुना प्रिंटर भंगारवाल्याला दिला. सहा वर्षं घरात होता, त्यातली शेवटची दोन नुसता कपाटावर. घेतला तेव्हा साडेतीन हजारांत मिळाला म्हणून सगळे खूश होतो. त्यात काळ्याची एक आणि तिन्ही रंगांची मिळून एक अशा दोन कार्ट्रिज. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस गावाला जाऊन आलो की पहिलं पान पट्ट्यापट्ट्यांचं निघायचं. मग क्लीनिंग (शाई सोडून प्रिंटरनेच छिद्रं साफ करणं), परत क्लीनिंग, आणि तेवढ्यातच शाई संपल्याचा दिवा. पिवळा संपला की निळा-गुलाबी शिल्लक असले तरी अख्खी कार्ट्रिज टाकून द्यायची. शेवटी दुरुस्तीला नेला तेव्हा दुकानातल्या मुलाने कार्ट्रिज उजेडात धरून तिचं हेड पाहिलं, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं असलेला भाग. "ताई, हेड सुकलंय बघा. दोन्ही कार्ट्रिज बदलायला लागतील. त्यापेक्षा नवाच घ्या की, तेवढ्यातच बसतंय."

तेवढ्यातच बसतंय, हे खरंच होतं. तीच गोष्ट मला सहा वर्षं कळली नव्हती.

या वेळी घाई करायची नाही. लेक जूनमध्ये नववीत जाईल, धाकटा तिसरीत. आणि अप्पा आहेत. माझे सासरे, इथे सोलापुरात चाळीस वर्षं चादरींच्या डिझाइनचे ग्राफ काढायचे, म्हणजे मागावर नक्षी उतरवण्यासाठी चौकोनांच्या कागदावर रंग भरायचे. त्यांच्या ट्रंकेत दोनशेच्या आसपास ग्राफ घडी घालून पडलेत आणि घडीवर कागद फाटायला लागलाय. ते स्कॅन करून रंगीत प्रिंट काढून फाइलला लावायचे, हे त्यांचं बऱ्याच दिवसांचं म्हणणं आहे. म्हणजे स्कॅनर हवाच, आणि लाल हा लालच यायला हवा.

१० मार्च, रविवार

फ्रिजला सुतळीने एक वही बांधली. बाहेरून काढून आणलेलं प्रत्येक पान त्यात लिहायचं: तारीख, कुणाचं, काळं की रंगीत, किती पैसे. घरच्यांना सांगितलं, महिनाभर हे न चुकता लिहा, मगच प्रिंटरचं नाव काढायचं. मार्चचे पहिले दहा दिवस यूपीआयच्या नोंदी बघून भरून घेतले.

ह्यांना वाटलं मी उगाच लांबण लावतेय. पण आपल्या घरात महिन्याला नक्की किती पानं छापली जातात, हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही.

३१ मार्च, रविवार

वहीची बेरीज केली. काळी पानं ६१, रंगीत ३८. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काळं ३ रुपये, रंगीत १०. म्हणजे १८३ अधिक ३८०, एकूण ५६३ रुपये. परीक्षेचा महिना, म्हणून सराव प्रश्नपत्रिका जास्त. रंगीत ३८ पैकी १४ अप्पांचे ग्राफ, तेही त्यांनी संकोचून कमी केलेले.

आता जुन्यासारखाच स्वस्त कार्ट्रिजवाला घेतला असता तर काय, ते मांडून पाहिलं. त्या वर्गातल्या लहान कार्ट्रिजवर काळ्याची शंभर-सव्वाशे पानं आणि रंगीत साधारण शंभर पानं लिहिलेली असतात. काळी आठशेच्या आसपास, रंगीत हजाराच्या आसपास धरली तर काळं पान सहा-सात रुपयांना पडतं आणि रंगीत दहाला. आमच्या ९९ पानांचे होतात सुमारे ७८५ रुपये, वर कागद वेगळा. म्हणजे घरी छापणं झेरॉक्सच्या दुकानापेक्षा महाग! चार-पाच हजारांचा प्रिंटर घ्यायचा आणि वर महिन्याला दोनशे रुपये जास्त मोजायचे.

हे आकडे ह्यांना दाखवले. ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वही चालू ठेव."

६ एप्रिल, शनिवार

नवी पेठेत आणि सात रस्त्याकडे मिळून चार दुकानं पाहिली. डोक्यात तीन प्रकार होते: कार्ट्रिजचा (तो मार्चमध्येच बाद झाला), शाईच्या टाकीचा आणि रंगीत लेझर.

टाकीचे म्हणजे ज्यात बाटलीतून शाई ओततात ते. एप्सन, कॅनन, एचपी आणि ब्रदर अशा चार कंपन्यांचे दिसले. स्कॅन-कॉपी-प्रिंट तिन्ही करणारे, वाय-फायवाले, साधारण बारा ते पंधरा हजारांत. एप्सनच्या घरगुती मॉडेलांत ००३ नंबरची ६५ मिलीची बाटली येते. काळीवर ४,५०० पानं आणि तिन्ही रंग मिळून ७,५०० पानं असा कंपनीचा आकडा. कॅननच्या जी मालिकेत काळी १३५ मिलीची, रंग ७० मिलीचे, काळ्याची ६,००० पानं. बाटली साडेतीनशे-चारशेच्या पुढेमागे. हिशेब केला तर काळ्या पानाला शाई दहा पैशांच्या आत. पाचशे कागदांचं एक रीम सव्वातीनशेला म्हणजे कागद ६५ पैशांचा. टाकीच्या प्रिंटरात शाईपेक्षा कागद महाग पडतो, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि मी दुकानदाराला दोनदा विचारून खात्री केली.

हे पानांचे आकडे ठरावीक नमुना पानांवर मोजतात. ती पानं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवलेली आहेत, २४७१२ नंबरच्या मानकात. त्या नमुन्यात मजकूर, एखादा तक्ता, छोटं चित्र असतं आणि बराचसा कागद पांढराच राहतो. अप्पांचा ग्राफ काठापासून काठापर्यंत भरलेला. त्यामुळे माझ्या हिशेबात रंगीत पानाला मी पंधरा पैसे न धरता एक रुपया धरला.

त्यावर परत मांडलं: ९९ कागदांचे ६४ रुपये, काळी शाई ६, रंगीत ३८, म्हणजे महिना ११० रुपयांच्या आत. वाचले साडेचारशे. साडेतेरा हजारांचा प्रिंटर फिटायला अडीच वर्षं.

अडीच वर्षं म्हणजे कमी नाहीत. महिन्याला वीस-पंचवीस पानं असणाऱ्या घराने हा खर्च करू नये, त्यांच्यासाठी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाच बरा. आमच्याकडे शंभर आहेत आणि अप्पांची ट्रंक अजून उघडायचीच आहे.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

सकाळी गुढी उभी केली आणि ह्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली. "चल, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे, आजच आणू." दुकानांत ऑफरही होत्या. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण अजून एक गोष्ट पाहायची राहिली होती, म्हणून थांबले. सणाच्या दिवशी अशी अडवणूक केल्याचं वाईट वाटलं, तरी पुरणपोळीवर सगळं निभावलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

राहिलेली गोष्ट शाईची. दुकानदारांकडून कळलं की टाकीच्या प्रिंटरांत काळी शाई दोन जातीची असते. एक पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाची, तिला डाय म्हणतात. दुसरीत रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, ती पिगमेंट. कॅनन जी मालिकेत आणि एचपीच्या टाकीवाल्यांत काळी पिगमेंट आणि रंग डाय. एप्सनच्या ००३ मध्ये काळीसुद्धा डाय. ऐकून घेतलं, पण डोळ्यांनी बघायचं होतं.

एकच पान बनवलं: वर चार ओळी काळा मजकूर, खाली निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चार चौकोन, आणि त्याखाली अप्पांच्या एका ग्राफचा तुकडा, मोराचा पिसारा. पेनड्राइव्हवर घेऊन दोन दुकानांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चालू प्रिंटरवर ते छापून आणलं. दहा-दहा रुपये देऊ केले. एका दुकानदाराने तर पैसेच घेतले नाहीत, "ताई, एवढं बघून घेणारं गिऱ्हाईक येत नाही हो" म्हणाला.

घरी प्रत्येक पानाचे तीन तुकडे केले. एक कपाटात वहीत. एक गच्चीच्या पॅराफीटवर काचेखाली, थेट उन्हात. तिसऱ्यावर चमच्याने पाण्याचे चार थेंब आणि पाच मिनिटांनी टिपकागद.

पाण्याचा निकाल लगेच लागला. डाय शाईचा मजकूर थेंबाखाली पसरला आणि अक्षराभोवती जांभळट कडं उमटलं. पिगमेंटच्या काळ्या अक्षराला काही झालं नाही, बोट फिरवलं तेव्हा अगदी पुसट छटा आली इतकंच. रंगांचे चौकोन मात्र दोन्हीकडे पसरले. म्हणजे रंगांच्या बाबतीत निवडायला जागा नाही, काळ्याच्या बाबतीत आहे. मुलांची प्रमाणपत्रं, घराचे कागद, दाखल्यांच्या प्रती हे सगळं काळंच असतं आणि पावसाळ्यात पिशवीतून न्यावं लागतं.

जाऊबाईंनी शेंगा चटणीच्या पाकिटांवर लावायला रंगीत लेबलं छापून मागितली होती. त्यांना फोन करून सांगितलं, नाव काळ्यात ठेवा, आणि रंग हवाच असेल तर वरून रुंद चिकटपट्टी लावा. तेलकट हात, ओला हात, काही ना काही लागतंच.

२१ एप्रिल, रविवार

नऊ दिवसांनी उन्हातले तुकडे खाली आणले. या दिवसांत पारा चाळीसच्या पुढेच आहे, दुपारी गच्चीवर चप्पल घालूनही उभं राहवत नव्हतं. कपाटातल्या तुकड्याशेजारी ठेवल्यावर फरक धाकट्यालाही कळला. गुलाबी फिका पडलाय, त्यामुळे मोराच्या पिसाऱ्यातला लाल नारिंगीकडे झुकलाय. काळा मजकूर पिगमेंटचा जसाच्या तसा. अप्पांनी तुकडे हातात घेऊन फार वेळ पाहिले. म्हणाले, "सूत रंगवतानाही हेच असतं गं. कच्चा रंग उन्हात कळतो, पक्का रंग धुण्यात."

त्यामुळे ग्राफच्या प्रिंट भिंतीवर लावायच्या नाहीत, बंद फाइलमध्येच ठेवायच्या. आणि मूळ स्कॅन दोन ठिकाणी जपायचा. कागद गेला तरी तो परत छापता येईल.

२८ एप्रिल, रविवार

रंगीत लेझरचा विचार आज पुरता केला. भाऊजींच्या ऑफिसात आहे, तिथे जाऊन पाहिला. त्याची शाई म्हणजे टोनर, प्लॅस्टिकची बारीक पूड. ती कागदावर बसवून दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रुळाखालून कागद नेला की पूड वितळून चिकटते. पाण्याने पसरत नाही, आणि महिना-महिना बंद राहिला तरी सुकायला त्यात काही ओलं नाहीच. सोलापूरच्या उन्हाळ्यात यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

तरी बाद केला, दोन कारणांनी. चार रंगांचे चार टोनर, आणि चारही संपले की नवा संच घ्यायला जे पैसे लागतात त्यात आमचा टाकीचा प्रिंटर येईल. दुसरं, तो रूळ तापवायला एका झटक्यात भरपूर वीज लागते. आमचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे यांच्या मापाचा. लाइट गेली आणि त्यावर कुणी लेझरचं पान काढलं तर इन्व्हर्टर बसणार. टाकीचा प्रिंटर छापताना पंधरा-वीस वॅट घेतो, एका दिव्याएवढी.

ज्यांना रंग क्वचितच लागतो त्यांनी साधा काळा-पांढरा लेझर घ्यावा आणि रंगीत बाहेरून काढावं. ग्राफ नसते तर मीही तेच केलं असतं.

४ मे, शनिवार

आता टाकीच्यांतला कुठला. ह्यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता.

थेंब उडवायच्या दोन तऱ्हा आहेत. एप्सन आणि ब्रदर यांच्या हेडमध्ये पिझो स्फटिक असतो, त्याला वीज दिली की तो किंचित वाकतो आणि शाई बाहेर ढकलली जाते. त्यात उष्णता नाही, हेड प्रिंटरच्या आयुष्यभर टिकावं असं बनवलेलं. कॅनन आणि एचपी यांच्याकडे शाईजवळची इवलीशी पातळ पट्टी क्षणात तापते, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि त्याच्या धक्क्याने थेंब सुटतो. कॅननच्या इचिरो एंडो नावाच्या संशोधकाला हे १९७७ साली सुचलं. तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजला लागली आणि सुईतून शाई उडाली, त्यावरून.

अप्पांना हे सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे हे पत्त्यासारखंच की. भोक असेल तिथे हूक उचलतो, नसेल तिथे नाही. इथं थेंब पडतो, नाहीतर पडत नाही." जॅकार्डच्या मागावर ग्राफमधल्या एकेका चौकोनाचं पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोक पाडायचे आणि त्या पत्त्यांच्या माळेवरून चादरीत नक्षी उतरायची. चाळीस वर्षं त्यांनी चौकोन भरले. प्रिंटर कसा चालतो ते मी चार दुकानं फिरून समजून घेतलं, त्यांना ते एका वाक्यात कळलं.

आमच्या निवडीला कामाचा फरक वेगळाच. पिझो हेड बिघडलं तर कारागिराकडेच जावं लागतं आणि ते महाग. कॅनन जी मालिकेत काळ्याचं आणि रंगांचं अशी दोन हेड सुटी असतात, ती विकत आणून घरी बदलता येतात. एचपीच्या टाकीवाल्यांतही तशीच सोय. आमचा अनुभव सुकण्याचा, गाव उन्हाचं, आणि दरवर्षी मे महिन्यात घर पंधरा दिवस बंद. मला बदलता येणारं हेड हवं. वर काळी पिगमेंट. या दोन गोष्टींवर कॅनन जी मालिकेचा वाय-फायवाला ठरला. ज्याचं घर कधी बंद नसतं आणि रोज दहा पानं निघतात, त्याने एप्सन घेतला तर मी त्याला नको म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घेतली. क्लीनिंगच्या वेळी वाया जाणारी शाई आत एका स्पंजात जमते. तो भरला की प्रिंटर छापायचं थांबवतो. जुन्या मॉडेलांत त्यासाठी सेंटरला न्यावं लागतं, काही नव्या मॉडेलांत तो डबा स्वतः काढून नवा बसवता येतो. आपण घेतो त्या मॉडेलात कुठली सोय आहे, हे दुकानदाराकडून बिलाच्या मागे लिहून घेतलं.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

आणला. पाडव्याला थांबवलं होतं, म्हणून आज मीच ह्यांना किल्ली दिली. साडेतेरा हजार, सोबत कंपनीच्या चारही बाटल्या. दुकानदाराने लिटरवर मिळणारी लोकल शाईही दाखवली, निम्म्याहून स्वस्त. नको म्हटलं. काळ्या पानाला शाई दहा पैशांचीसुद्धा नसताना त्यात पाच पैसे वाचवून वॉरंटी आणि हेड धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

११ मे, शनिवार

शाई भरण्यात सकाळ गेली. बाटली टाकीच्या तोंडावर उपडी करून धरायची आणि घाई करायची नाही. लेकीने निळी ओतली, हात जराही हलला नाही. मग प्रिंटर शाई नळ्यांतून हेडपर्यंत ओढून घेतो. पाच-सहा मिनिटं नुसता गुरगुरत होता. संपल्यावर टाकीतली पातळी चांगलीच खाली आली, तेव्हा ह्यांना वाटलं गळतंय. गळत नाही, नळ्या भरायला तेवढी लागतेच. म्हणून पहिल्या बाटल्यांवर छापलेल्या आकड्याएवढी पानं निघत नाहीत.

घरात नियम लावला: भिंतीवरच्या बोर्डाचं बटण कुणी दाबायचं नाही. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा. तसा बंद केला की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि शाई हवेपासून झाकली जाते. बोर्डावरून एकदम वीज तोडली तर हेड जिथे असेल तिथे उघडं राहतं. जुना प्रिंटर चालू होता तोवर आम्ही तो रोज बोर्डावरूनच बंद केला. हे तेव्हा ठाऊक असतं तर तो कदाचित अजून चालला असता, याची रुखरुख आहे.

झाकायला मी घडीचा नवा टॉवेल घातला होता. अप्पांनी काढायला लावला. टॉवेलचा कापूस गळतो, तो कागदाच्या रुळांत जाईल. जुन्या रेशमी ओढणीचा तुकडा घातला.

१९ मे, रविवार

पहिला ग्राफ छापला आणि अप्पांचा चेहरा पडला. लाल विटकरी आलाय. शेजारचा तपकिरी त्यात मिसळून गेला, चौकोनाच्या कडा पिसारल्या.

दिवसभर यावरच होते. साधा ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद शाई पिऊन घेतो, थेंब तंतूंतून पसरतो आणि रंग खोल जाऊन मरतो. सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार साधा, दर्जा मध्यम होता. आधी फक्त दर्जा वाढवला, थोडं सुधारलं. मग लेकीच्या प्रोजेक्टचे १०० जीएसएमचे गुळगुळीत कागद होते त्यावर काढलं, कडा सुधारल्या. शेवटी मॅट फोटो कागद आणून, सेटिंगमध्येही मॅट निवडून छापलं. तेव्हा लाल उभा राहिला. त्या कागदावर पांढरा लेप असतो, शाई वरच्या वर धरून ठेवणारा. पण तो कागद पाच-सहा रुपयांना एक. ठरवलं: आधी साध्या कागदावर तपासून घ्यायचा, पक्का झालेला ग्राफच मॅटवर.

पोपटी मात्र मोबाइलच्या पडद्यावर दिसतो तसा येत नाही, कुठल्याच कागदावर. पडदा उजेडाने रंग दाखवतो, प्रिंटरकडे निळा, गुलाबी, पिवळा एवढंच भांडवल. अप्पांनी मूळ ग्राफ शेजारी धरला आणि म्हणाले, "पडदा बघूच नका. या कागदाशी जुळतंय ना, झालं." प्रिंट थेट मूळ कागदाशी ताडून पाहायची, पडद्याशी नाही. तेव्हापासून काम सोपं झालं.

८ जून, शनिवार

२५ मे ते ७ जून पुण्याला माहेरी होतो. घर बंद, खिडक्या बंद. खरी परीक्षा हीच होती. परत आल्यावर बॅगा बाजूला ठेवून आधी नॉझल चेक काढला. त्यात प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी येते, रेघ तुटली असेल तर तिथलं छिद्र बंद. काळा पूर्ण. निळा पूर्ण. गुलाबीत एक रेघ अर्धी. पिवळा पांढऱ्या कागदावर दिसेचना. धाकट्याच्या खेळण्यातल्या निळ्या दिव्याची टॉर्च आणली, खोलीत अंधार केला आणि कागदावर धरली. पिवळा रंग निळा उजेड गिळतो, म्हणून पिवळ्या रेघा काळ्याभोर दिसल्या. तीन तुटलेल्या होत्या. एक साधं क्लीनिंग केलं, अर्धा तास थांबले, परत चेक: गुलाबी पूर्ण, पिवळ्याची एक बाकी. दुसरं क्लीनिंग लगेच केलं नाही, ग्राफचं एक पिवळं पान काढलं आणि तेवढ्याने उघडलं. जुन्या प्रिंटरवर आम्ही पाच-पाच क्लीनिंग लागोपाठ मारायचो. प्रत्येक वेळी शाई स्पंजात जाते, आणि सुकलेली जागा भिजायला वेळ मिळत नाही तो नाहीच.

आता दर सोमवारी एक रंगीत पान, कामाचं. घर बंद राहणार असेल तर शेजारच्या काकूंच्या मुलाला किल्ली द्यायची.

१५ जून, शनिवार

शाळा सुरू. एका दिवसात २२ पानं. वेळापत्रकं, वह्यांची लेबलं, भारताचा नकाशा. पाऊस आला आणि कागद सर्द होऊन दोन-दोन एकदम ओढले गेले. रीम आता झिपच्या पिशवीत ठेवते, लागतील तेवढेच ट्रेमध्ये.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

धाकट्याच्या शाळेची दिंडी होती. काल रात्री वर्गशिक्षिकांचा फोन, छातीवर लावायला विठ्ठलाची पंचवीस चित्रं मिळतील का. एका कागदावर सहा, पाच कागदांत काम झालं. सकाळी पावसाची सर आली, पण प्रत्येकावर चिकटपट्टी होती. एकाही विठोबाचा रंग ओघळला नाही.

२१ जुलै, रविवार

वही अजून फ्रिजला आहे. जूनमध्ये १६३ पानं, जुलैत आजवर ९४. काळ्याची टाकी अर्ध्याच्या वर, पिवळा सगळ्यात खाली आलाय. ग्राफमध्ये लाल आणि केशरी जास्त, दोन्हींत पिवळा लागतोच. पुढच्या वेळी पिवळ्याची एकच बाटली आणायची आहे, आणि एकच आणता येते.

ट्रंकेतले ४१ ग्राफ झाले. अप्पा प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहितात: कुठल्या साली काढला, किती पत्त्यांचा होता, कुणाच्या मागावर चढला. पस्तिसावा छापल्यावर त्यांनी चूक शोधली, मूळ ग्राफमधलीच. एका कोयरीच्या टोकाला एक चौकोन जास्त भरलेला. हजारो चादरी त्या चुकीसकट विणल्या गेल्या असतील. ती दुरुस्त करू का विचारलं, तर नको म्हणाले.

उद्या सोमवार. रंगीत पानासाठी त्यांनी हंसाचा ग्राफ काढून ठेवलाय.